एअर रायफलची कारागिरी शिकताना: सुरुवात कुठून, कोणत्या क्रमाने

बंदुकीच्या यंत्रणेचं आकर्षण अनेकांना असतं. नेमबाजीपेक्षा रायफल आतून कशी चालते, दस्ता कसा बसवतात, एक ग्रुप (सलग मारलेल्या शॉट्सच्या छिद्रांचा पुंजका) फाटका आणि दुसरा घट्ट का येतो, यातच ज्यांचा जीव रमतो, त्यांच्यासाठी हा लेख आहे.

आधी कायदा, कारण शिकण्याची सगळी दिशा तिथेच ठरते. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ नुसार परवान्याशिवाय बंदूक बनवता येत नाही, तशीच ती दुरुस्त करता येत नाही, तिच्यात बदल करता येत नाहीत आणि चाचणीही घेता येत नाही. ‘दुरुस्ती’ हा शब्द कलमातच आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर या कलमाच्या भंगाला किमान सात वर्षं आणि कमाल जन्मठेप अशी शिक्षा आहे. त्यामुळे आजोबांची जुनी बारा बोअर माळ्यावरून काढून घरी खोलणं हा छंद म्हणून शिकायचा विषय होऊ शकत नाही. परवाना असलेलं हत्यार असेल तर ते परवानाधारक बंदूक-दुरुस्ती दुकानात न्यायचं. बाहेरच्या देशांतले व्हिडिओ पाहून आपल्याकडे तसं करायला जाऊ नये; तिथले कायदे वेगळे आहेत.

आपल्याकडे उघडा असलेला रस्ता एअर रायफलचा. ४.५ मिलिमीटर, म्हणजे .१७७ बोअरची आणि २० ज्यूलपेक्षा कमी ऊर्जेची एअर रायफल घ्यायला शस्त्र परवाना लागत नाही. ओळखपत्राची प्रत दुकानदार मागतो, ती द्यावी आणि बिल जपून ठेवावं. हा रस्ता दुय्यम मानायचं कारण नाही. ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटीलने २०२२ मध्ये कैरोला जागतिक अजिंक्यपद मिळवलं ते १० मीटर एअर रायफलमध्येच. कोल्हापूर, पुणे, मुंबईत नेमबाजीची जी शाळा उभी राहिली, तिच्यातली बहुतेक मुलं याच रायफलवर हात बसवतात. कारागिरीच्या दृष्टीने यात शिकण्यासारखं भरपूर आहे: स्प्रिंग, पिस्टन, सील (हवा निसटू न देणारी कडी), ट्रिगर, लाकूड, नळी.

काय विकत घ्यायचं

शिकण्यासाठी नळी मोडून, म्हणजे सांध्यात वाकवून, भरायची साधी स्प्रिंगवाली रायफल बरी. तिचे भाग कमी असतात, बिघाड डोळ्यांना दिसतो आणि सुटे भाग मिळतात. सामन्यांत वापरतात त्या दाबलेल्या हवेच्या रायफलींना (रेंजवर त्यांना पीसीपी म्हणतात) २०० बार दाबाचा सिलेंडर असतो. त्या नवशिक्याने घरी उघडायच्या नाहीत. बाहेरून पुसणं, डायॉप्टर (बारीक छिद्रातून बघायची मागची साइट) बसवणं, दस्ता जुळवणं एवढंच करावं.

रायफल विकत घेताना दोन कागद मागून घ्या: वापराची पुस्तिका आणि भागांचा सुटा आराखडा. त्या आराखड्यात प्रत्येक स्क्रू, वॉशर, पिन हवेत तरंगल्यासारखी काढलेली असते आणि शेजारी क्रमांक असतो. नवशिक्यासाठी यापेक्षा मोलाचं शिक्षणसाहित्य नाही. आराखडा मिळत नसेल, तर त्या मॉडेलची रायफल घेऊ नका. बऱ्याच कंपन्यांच्या संकेतस्थळावर तो उपलब्ध असतो. छापून घ्या, भिंतीला लावा आणि रायफल न उघडता प्रत्येक भागाचं काम स्वतःच्या शब्दांत लिहून काढा. ‘क्रमांक १४ हा मागचा प्लग. तो स्प्रिंगचा दाब अडवून धरतो,’ असं. क्रमांक न चुकता आणि न अडखळता सगळे भाग सांगता येतील, तेव्हाच पुढे जायचं.

अवजारं कमी पण चांगली घ्या. १.५ ते ६ मिलिमीटरच्या ॲलन की, अदलाबदल करता येणाऱ्या टोकांचा स्क्रू ड्रायव्हर, ०.०२ मिलिमीटरपर्यंत मोजणारा व्हर्नियर, टॉर्च, चुंबकी ताटली, पांढरं सुती कापड. साफसफाईसाठी ४.५ मिलिमीटरच्या फेल्ट पेलेट (नळी पुसायच्या नमद्याच्या गोळ्या), पातळ बंदूक-तेलाची लहान बाटली आणि सिलिकोन ग्रीस. स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाबद्दल एक गोष्ट ध्यानात ठेवा. हार्डवेअरच्या दुकानातला नेहमीचा चपटा ड्रायव्हर टोकाकडे पाचरीसारखा निमुळता असतो. तो स्क्रूच्या खाचेत वरच्या कडांवरच टेकतो आणि जोर लावला की उसळून बाहेर येतो. खाच फाटते, ड्रायव्हर घसरून दस्त्यावर ओरखडा जातो. बंदुकीच्या कामाला टोक समांतर बाजूंचं लागतं. खाच पूर्ण भरेल इतकं जाड आणि स्क्रूच्या डोक्याइतकं रुंद. टोक खाचेत ठेवून हलकेच डावी-उजवीकडे फिरवून पाहा. हलत असेल तर ते टोक त्या स्क्रूसाठी नाही.

हात तयार करणं

नवशिके हा भाग वगळतात आणि पुढे सगळं इथेच अडतं. बंदूक-कारागिरी हे मुळात फिटरचं काम आहे. आयटीआयचा फिटर हा ट्रेड दोन वर्षांचा असतो. तेवढा वेळ छंदासाठी काढता येणार नाही, पण त्याचे पहिले धडे घरी गिरवता येतात. जवळच्या लेथ-वर्कशॉपमधून ५० × ५० × ६ मिलिमीटरचा माइल्ड स्टीलचा तुकडा आणा. तो बाकड्यावरच्या व्हाइसमध्ये, जबड्यांना ॲल्युमिनियमच्या पट्ट्या लावून, पकडा आणि कानशीने एक कड सरळ करा. मग तिला काटकोनात दुसरी कड. गुण्या लावून तुकडा खिडकीकडे धरायचा आणि मधून उजेडाची रेघ दिसते का ते पाहायचं. बहुतेकांची कड मधोमध फुगीर निघते, कारण कानस पुढे नेताना पुढचा हात खाली दबतो आणि मागे येताना मागचा. रेघ नाहीशी व्हायला पंधरा दिवस लागले तरी ठीक आहे. कानस पुढे जातानाच कापते. परत आणताना दाबली तर दात बोथट होतात. कानशीच्या दातांत अडकलेला चुरा तारेच्या ब्रशने झाडत राहा, नाहीतर तोच चुरा कामावर खोल चर पाडतो.

दुसरा धडा म्हणून पितळेच्या ३ मिलिमीटर सळईचा पंच बनवा. टोक सपाट, कडा किंचित मोडलेल्या. रायफलीतल्या पिना याने ठोकायच्या. पितळ मऊ असल्याने पिनेला वा आसपासच्या पॉलिशला इजा होत नाही.

रायफल हाताळताना

नळी मोडून भरायच्या रायफलीची दोन संकटं माहीत असावीत. पहिलं म्हणजे ताणलेल्या स्प्रिंगवर नळी उघडी असताना ट्रिगर दाबला जाणं. नळी झटक्यात वर येते. बोट मध्ये असेल तर चिरडतं आणि नळी वाकते ती कायमची. म्हणून पेलेट (छर्रा) भरताना एका हाताने नळी धरूनच ठेवायची, दुसऱ्या हाताने पेलेट घालायची. ट्रिगरच्या आसपास बोट नको.

दुसरं म्हणजे पेलेट नसताना रायफल सोडणं. पिस्टन पुढे धावतो तेव्हा त्याच्यापुढे दबलेली हवा उशीसारखी काम करते. पेलेट ती हवा क्षणभर अडवते, म्हणून पिस्टनचा शेवटचा धक्का मऊ होतो. पेलेट नसेल तर हवा नळीतून सरळ निघून जाते आणि पिस्टन सिलेंडरच्या टोकावर आदळतो. दहा-वीस वेळा असं झालं की सील फाटते, स्प्रिंगला मोड येते. मित्रांना ‘नुसतं दाबून बघ’ म्हणायची सवय असेल तर ती सोडा.

मागे भिंत आणि छर्रा अडवणारी पेटी नसेल तिथे चाचणी घ्यायची नाही. डोळ्यांवर चष्मा हवाच. पेलेट शिशाच्या असतात, म्हणून काम झाल्यावर साबणाने हात धुवा, चाचणीच्या जागी काही खाऊ नका, छर्ऱ्यांच्या पेटीतला चुरा कोरड्या झाडूने न झाडता ओल्या फडक्याने पुसून घ्या. मुलांच्या हाती पेलेटची टिन लागू देऊ नका. पक्ष्यांवर नेम धरण्याचा तर विचारही नको. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ आहेच, आणि या छंदाला नाव ठेवायला लोक तेवढंच निमित्त शोधत असतात.

मोजायला शिका, मगच पाना उचला

रायफल बिघडली की हात बिघडला, हे आधी कळलं पाहिजे. ते कळायचं एकच साधन आहे: पाच शॉट्सचा ग्रुप, एकाच अंतरावरून, एकाच पेलेटने, आणि लिहून ठेवलेला आकडा. १० मीटरवर कागद लावा. पाच छिद्रांपैकी सर्वांत दूरच्या दोन छिद्रांच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर व्हर्नियरने मोजा आणि त्यातून ४.५ मिलिमीटर वजा करा. हे मध्य ते मध्य अंतर. एका वहीत तारीख, पेलेट, आकडा आणि काय बदललं ते लिहा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. स्क्रू आवळले, पेलेट बदलली आणि नळी साफ केली असं सगळं एकाच संध्याकाळी केलं, तर ग्रुप सुधारला तरी कशामुळे ते कधीच कळणार नाही.

स्प्रिंगवाली रायफल कडक वाळूच्या पोत्यावर दाबून धरू नका. पिस्टन पुढे-मागे जाताना ती उडी मारते आणि कडक टेकूवरून प्रत्येक वेळी वेगळ्या दिशेने उडते. पोत्यावर उघडा तळहात ठेवा, तळहातावर दस्ता अलगद टेकू द्या आणि पकड सैल ठेवा. निम्म्या ‘बिघडलेल्या’ रायफली एवढ्याने दुरुस्त होतात.

पेलेटची निवड इथेच येते. सामन्याच्या चपट्या तोंडाच्या पेलेट रायफलसाठी सहसा ०.५३ ग्रॅमच्या आणि एका टिनमध्ये ५०० असतात. डोक्याचा व्यास ४.४९, ४.५०, ४.५१ असा छापलेला असतो. तीन मापांची एकेक टिन आणा, प्रत्येकीचे पाच-पाच ग्रुप मारा आणि आपल्या नळीला कोणती मानवते ते वहीतून वाचा. महागडी पेलेट चांगली असेलच असं नाही. नळी काय सांगते तेच खरं. टिन पडून कडा चेपलेल्या पेलेट बाजूला काढा.

वेग मोजायचं यंत्र मिळालं तर दहा शॉट्सचे वेग लिहा. सरासरीपेक्षा सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त यांतलं अंतर जास्त बोलतं. ऊर्जा काढायची रीत शाळेतलीच: निम्मं वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग. ०.५३ ग्रॅमची पेलेट १७५ मीटर प्रति सेकंद वेगाने गेली तर साधारण ८.१ ज्यूल. २० ज्यूलची रेषा हीच पेलेट २७५ मीटर प्रति सेकंदाच्या आसपास गाठते. म्हणून ‘जास्त ताकदीची स्प्रिंग’ टाकायच्या फंदात पडू नका. परवान्याची मर्यादा ओलांडली जाते, सील आणि दस्ता फुटतो आणि नेम हमखास बिघडतो. १० मीटरचं कागदी लक्ष्य भेदायला एवढी ताकद लागतच नाही.

ग्रुप फाटला तर काय बघायचं

क्रम पाळा, कारण तो सोप्याकडून अवघडाकडे जातो.

१. दस्त्याचे स्क्रू. स्प्रिंगच्या हादऱ्याने ते सैल होतात आणि ग्रुप बिघडण्याचं हे पहिलं कारण असतं. हाताने घट्ट झाल्यावर पाव फेरा पुरे. लाकडात जास्त आवळलं तर तडा जातो. सारखे सैल होत असतील तर आट्यांवर निळ्या रंगाच्या थ्रेडलॉकरचा (स्क्रू सैल होऊ न देणाऱ्या चिकट द्रवाचा) एक थेंब. लाल नको, तो तापवल्याशिवाय सुटत नाही.

२. मागची साइट किंवा दुर्बीण. चिमटीत धरून हलवून बघा. रेलवर (साइट जिच्यावर बसते त्या पट्टीवर) पेन्सिलची बारीक खूण करा. वीस शॉटनंतर साइट खुणेमागे सरकली असेल तर उत्तर मिळालं.

३. पेलेट. वेगळ्या टिनमधली, ओळखीची घ्या.

४. नळी. शिसं साठलं असेल. साफ करताना फेल्ट पेलेट शेपटाकडून (पेलेट भरतात त्या टोकाकडून) तोंडाकडे ढकला, उलटी कधीच नाही, कारण नळीच्या तोंडाची कड बिघडली तर कुठलीच दुरुस्ती चालत नाही. उघडी लोखंडी सळई आणि पितळी ब्रश नळीत घालू नका. आधी दोन कोरड्या, मग एक थेंबभर तेलाची, मग तेल दिसेनासं होईपर्यंत कोरड्या. त्यानंतर पाच-दहा शॉट फुकट जातात. नळीत शिशाचा पातळ थर परत बसेपर्यंत ग्रुप भरकटतो. ते बघून घाबरून पुन्हा साफ करायला बसू नका. दर दिवशी साफ करायची गरज नसते. ग्रुप पसरायला लागला की करावी.

५. शेपटाची सील, म्हणजे नळी जिथे सिलेंडरला टेकते तिथली रबरी वा चामडी कडी. टिश्यू पेपरची बोटभर पट्टी फाडा आणि सांध्याजवळ, बोट दूर ठेवून, चिकटपट्टीने लोंबती लावा. पेलेट भरून पेटीत शॉट मारा. पट्टी फडफडली तर हवा तिथून निसटते आहे. ही सील बदलणं घरी जमण्यासारखं पहिलं खरं काम. नळी स्प्रिंग ताणली जाणार नाही इतपतच उघडून घट्ट धरायची, स्प्रिंग ताणलेली नाही याची खात्री करून घ्यायची. लाकडी टूथपिकने जुनी कडी उचलून काढायची. सुई किंवा पिन वापरली तर खाचेची भिंत खरवडते आणि नवी सीलही गळते. खाच कापडाने पुसायची. नवी कडी बोटाने सगळीकडून समान दाबून बसवायची. ती धातूच्या पातळीच्या किंचित वर दिसायला हवी, नखाला अडखळेल इतकी. पातळीच्या खाली असेल तर खाली कागदाचं नव्हे, तर योग्य जाडीचं पातळ वॉशर घाला आणि पट्टीची चाचणी पुन्हा करा.

६. एवढं करूनही वेग पडलेला असेल तर पिस्टनची सील किंवा मुख्य स्प्रिंग. इथे थांबा.

स्प्रिंगचा मागचा प्लग काढताना तिचा ताण बाहेर येतो. रायफल ‘रिकामी’ असतानाही स्प्रिंग कित्येक सेंटिमीटर दाबलेलीच असते. स्प्रिंग कॉम्प्रेसर नावाचा लांब शिकंजा लावल्याशिवाय प्लग सोडला तर तो बंदुकीतून सुटल्यासारखा येतो आणि तोंडावर बसतो. ज्याने हे काम आधी केलं आहे त्याच्या शेजारी उभं राहून दोनदा बघा, तिसऱ्यांदा त्याच्या देखरेखीत करा.

तेलाबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे. नळीच्या मागच्या छिद्रात तेलाचे थेंब टाकायचे नाहीत. दाबाने हवा इतकी तापते की तेल पेटतं; शॉटबरोबर धूर, जळक्या तेलाचा वास आणि मोठा आवाज येतो. वेग वाढल्यासारखा वाटतो, पण सील जळते. पीसीपीच्या सिलेंडर-झडपांना तर पेट्रोलियमचं तेल कधीच लावायचं नाही. तिथल्या कड्यांना फक्त सिलिकोन ग्रीस. सिलेंडरवर कोरलेली मुदत वाचा. ती साधारण दहा वर्षांची असते आणि संपल्यावर सिलेंडर बदलतात, भरत नाहीत.

पावसाळा आणि लाकूड

मुंबई, कोकण, गोव्यात जूनपासून चार महिने गंज हा खरा शत्रू आहे. घामाच्या बोटांचे ठसे एका रात्रीत तांबूस दिसायला लागतात. हाताळून झालं की तेलाच्या फडक्याने सगळा धातू पुसा. फोमच्या पेटीत रायफल ठेवू नका, फोम ओल धरून ठेवतो. सुती कापडात गुंडाळून कपाटात उभी ठेवा आणि सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. पुड्यांचे दाणे निळ्याचे गुलाबी झाले की त्या तव्यावर मंद आचेवर वाळवून परत वापरता येतात. स्वयंपाकाचा तवा वापरू नका.

दस्ता नव्याने चमकवणं हे नवशिक्यासाठी सगळ्यात आनंदाचं काम, आणि फारसं बिघडत नाही. दस्ता रायफलीपासून सोडवा. जुनं वॉर्निश खरवडून काढा, मग १२० नंबरच्या सँडपेपरने, नंतर २२०, नंतर ४००, नेहमी लाकडाच्या रेषेच्या दिशेने. २२० नंतर ओलसर कापड फिरवा. केसांसारखे तंतू उभे राहतात. ते वाळले की ४०० ने पुसून टाका. उकळलेलं जवसाचं तेल बोटाने पातळ चोळा, पंधरा मिनिटांनी जादा पुसून घ्या, एक दिवस वाळू द्या. पावसाळ्यात दोन-तीन दिवस. असे सहा ते आठ थर. जाड थर दिला तर चिकट राहतो आणि धूळ धरतो. एक गोष्ट नक्की पाळा. तेलात भिजलेली फडकी चुरगाळून टोपलीत टाकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं, गोळा झालेल्या कापडात ती उष्णता अडकते आणि कापड स्वतःहून पेट घेतं. ती उलगडून बाहेर दगडावर वाळवा किंवा पाण्याच्या बादलीत बुडवा.

कोणाकडे जायचं

वाचन आणि व्हिडिओंच्या पलीकडे खरा धडा रेंजवर मिळतो. पुण्यात बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडा संकुलात आणि मुंबईत वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनच्या रेंजवर नियमित सराव चालतो. अनेक जिल्ह्यांत असे क्लब आहेत. तिथे गेल्यावर ‘मला दुरुस्ती शिकायची आहे’ असं सुरुवातीलाच म्हणू नका. आधी नेमबाजीचा पायाभूत वर्ग करा. ज्याला शॉट कसा सुटतो हे खांद्यावर कळलेलं नाही, त्याला ट्रिगर कुठे अडतो हे पानाने कळत नाही. सर किंवा ताई म्हणून प्रशिक्षकांशी बोला, रेंजवर ‘बंदूक खाली’ म्हटल्यावर ती लगेच खाली ठेवा, आणि रायफल लक्ष्याच्या दिशेलाच ठेवून उघडी, रिकामी दाखवायची सवय लावा.

परवानाधारक दुकानातल्या कारागिराकडे जाताना वही बरोबर न्या. ‘गोळी लागत नाही’ एवढंच सांगितलं तर तो रायफल ठेवून घेतो आणि पंधरा दिवसांनी बिल देतो. ‘स्क्रू तपासले, तीन पेलेट बदलल्या, टिश्यूची चाचणी घेतली, पट्टी हलत नाही, पण वेग १६० वरून १३० वर आला आहे’ असं सांगितलं, तर तो तुम्हाला बाकाजवळ बोलावून सिलेंडर उघडताना शेजारी उभं राहू देण्याची शक्यता वाढते. जुनी पिस्टन सील मागून घ्या. तिच्या कडेला कुठून झीज आहे, एका बाजूने आहे की गोलाकार, हे भिंगाखाली बघा. एका बाजूची झीज असेल तर सिलेंडरच्या आत चर आहे का ते विचारा. गोलाकार आणि काळपट असेल तर कोणीतरी तेल टाकलं होतं.